वक्त्यांचे लॅपटॉप आणि सत्रांचं रेकॉर्डिंग: तांत्रिक परिषदेसाठी सविस्तर मार्गदर्शक

तांत्रिक परिषदेत एका सभागृहात दिवसभरात सात-आठ वक्ते बोलतात आणि जवळजवळ प्रत्येकजण स्वतःचा लॅपटॉप घेऊन येतो. एकाचा लॅपटॉप जुना, व्हीजीए पोर्टवाला असतो, तर दुसऱ्याकडे नुसते दोन यूएसबी-सी पोर्ट असतात. तिसऱ्याचा लॅपटॉप कंपनीने इतका बंदिस्त केलेला असतो की त्यावर साधा ड्रायव्हर टाकायचीही परवानगी नसते. चौथ्याने आपलं लिनक्स स्वतःच्या हाताने जुळवलेलं असतं. ही सगळी यंत्रं एकाच केबलला लागून एकाच पडद्यावर दिसायला हवीत आणि पुढे पाहणाऱ्यांसाठी नीट टिपलीही जायला हवीत.

सभागृहातले श्रोते तासाभराने उठून जातात. रेकॉर्डिंग मात्र पुढे कित्येक वर्षं पाहिलं जातं, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी तेच ते सत्र असतं. म्हणून या कामाकडे ‘केबल लावून देणारी मंडळी’ अशा नजरेने पाहणं मला पटत नाही.

या लेखातली सगळी कामं दोन नियमांभोवती फिरतात. कुठलाही लॅपटॉप ऐन सत्राच्या वेळी पहिल्यांदा जोडला जाऊ नये, हा पहिला. रेकॉर्डिंग वक्त्याच्या लॅपटॉपच्या भरवशावर नसावं, हा दुसरा. वक्त्याने स्वतःच्याच लॅपटॉपवर स्क्रीन रेकॉर्ड करून नंतर फाइल पाठवायची, ही पद्धत कागदावर सोपी वाटते. प्रत्यक्षात कुणी बटण दाबायला विसरतो, कुणाच्या डिस्कवर जागा नसते आणि कुणी घरी गेल्यावर उत्तरच देत नाही.

मग सगळ्यांनी आयोजकांच्या एकाच लॅपटॉपवरून का बोलू नये? नुसत्या स्लाइड्स असतील तर जरूर बोलावं. पण तांत्रिक सत्रात प्रात्यक्षिक असतं आणि त्यासाठी लागणारी साधनं, प्रवेशाच्या गुप्त कळा, सर्व्हर हे सगळं वक्त्याच्या यंत्रावर महिन्याभरात बसवलेलं असतं. ते दुसरीकडे हलवायला सांगणं म्हणजे सत्राचा जीवच काढून घेणं. वक्त्याचा लॅपटॉप मुख्य ठेवा आणि आयोजकांचा एक लॅपटॉप सगळ्यांच्या पीडीएफसह बाजूला तयार ठेवा.

वक्त्यांना आधी काय विचारायचं

परिषदेच्या दोन-तीन आठवडे आधी वक्त्यांना छोटं पत्र पाठवा. लांबलचक सूचना कुणी वाचत नाही, पण नेमक्या प्रश्नांना लोक उत्तरं देतात. लॅपटॉपवर चित्र बाहेर काढणारा पोर्ट कोणता आणि त्यासाठीचं ॲडॅप्टर तुमच्याकडे आहे का? ऑपरेटिंग सिस्टिम कोणती? लॅपटॉपमधून आवाज वाजवायचा आहे का? प्रात्यक्षिकाला इंटरनेट लागणार का? टिपा पाहत बोलणार की श्रोत्यांना दिसतं तेच तुमच्याही पडद्यावर हवं? लॅपटॉप कंपनीचा असेल तर त्यावर पेनड्राइव्ह आणि बाहेरचं नेटवर्क चालतं का? शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि नेमका तोच नडतो.

पोर्टचं उत्तर ‘यूएसबी-सी’ आलं तर तिथे थांबू नका. दिसायला सारखे असले तरी सगळे यूएसबी-सी पोर्ट चित्र बाहेर काढत नाहीत. त्यासाठी पोर्टमध्ये डिस्प्लेपोर्टची सोय, म्हणजे ज्याला आल्ट मोड म्हणतात ती, असावी लागते. काही लॅपटॉपवर दोनपैकी एकाच पोर्टला ती असते. घरच्या किंवा ऑफिसच्या मॉनिटरला ज्या पोर्टने जोडता तोच सांगा, असं वक्त्याला कळवलं की प्रश्न सुटतो.

त्याच पत्रात रेकॉर्डिंगची संमती मागा. व्हिडिओ कुठे टाकणार, कोणत्या परवान्याखाली, स्लाइड्ससुद्धा टाकायच्या का, हे स्पष्ट लिहा आणि ‘नको’ म्हणायची सोय ठेवा. मंचावर चढता चढता सही घेणं ही संमती नव्हे.

स्लाइड्स १६:९ मापाच्या असाव्यात. फॉन्ट आणि व्हिडिओ फाइलच्या आतच घातलेले असावेत आणि आदल्या दिवशीपर्यंत पीडीएफ मिळावी, एवढ्याच अटी पुरेत. टर्मिनल दाखवणाऱ्याला मात्र अक्षर मोठं ठेवायची आग्रहाने विनंती करा. २४ पॉइंटच्या खालचं अक्षर शेवटच्या रांगेतून वाचता येत नाही आणि मोबाइलवर व्हिडिओ पाहणाऱ्याला तर नाहीच. गडद पार्श्वभूमीवरची करडी अक्षरं लॅपटॉपवर सुंदर दिसतात, पण उजेड असलेल्या सभागृहात प्रोजेक्टरवर ती विरून जातात.

चित्राची वाट: लॅपटॉपपासून प्रोजेक्टरपर्यंत

नवख्या संघाची सगळ्यात जास्त तारांबळ इथेच उडते, म्हणून इथे जरा थांबतो.

लॅपटॉप जोडला की तो समोरच्या यंत्राला विचारतो, ‘तुला काय काय दाखवता येतं?’ समोरचं यंत्र आपली माहिती देतं. तिला ईडीआयडी म्हणतात. त्या माहितीवरून लॅपटॉप रेझोल्यूशन आणि फ्रेम रेट ठरवतो. प्रोजेक्टर एक माहिती देणार, चित्र टिपून रेकॉर्डिंगसाठी घेणारं कॅप्चर कार्ड दुसरी, आणि चित्र दोन वाटांनी पाठवणारा स्प्लिटर त्या दोघांपैकी एकाची पुढे ढकलणार. त्यामुळे एकाच सभागृहात एक लॅपटॉप १९२०×१२०० पाठवतो, दुसरा १०२४×७६८, तिसरा ४के. कॅप्चर कार्डाला यातलं एखादं कळत नाही आणि रेकॉर्डिंगमध्ये काळा पडदा येतो. प्रोजेक्टरवर सगळं ठीक असल्यामुळे सभागृहात कुणाला पत्ताच लागत नाही.

उपाय असा की लॅपटॉपच्या लगेच पुढे, बाकी सगळ्याच्या आधी, ईडीआयडी पक्का ठरवून देणारं यंत्र बसवायचं. ही सोय असलेला स्विचर (अनेक चित्रांतून एक निवडणारं यंत्र) किंवा स्केलर (चित्राचं माप बदलणारं यंत्र) चालतो, किंवा छोटा ईडीआयडी एम्युलेटरही पुरतो. त्यावर १९२०×१०८० आणि एकच फ्रेम रेट कायम करून ठेवा. मग येणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपला कायम तोच एक पडदा दिसतो. मागे प्रोजेक्टर बंद झाला किंवा केबल निघाली तरी वक्त्याच्या खिडक्या इकडच्या तिकडे होत नाहीत. ४के चा मोह टाळा. स्लाइड्स आणि कोडला १०८० पुरतं, आणि ४के मुळे केबलपासून डिस्कपर्यंत प्रत्येक कडीवर ताण येतो.

दुसरा अडथळा एचडीसीपीचा. विकत घेतलेल्या चित्रपटांची नक्कल होऊ नये म्हणून चित्र कुलूपबंद करून पाठवण्याची ही पद्धत आहे. समोरच्या यंत्राला एचडीसीपी समजतं असं कळलं की काही लॅपटॉप, विशेषतः ॲपलचे, साध्या स्लाइड्सही कुलूपबंद करून पाठवतात. प्रोजेक्टर ते उघडतो, पण कॅप्चर कार्ड उघडत नाही. ज्या स्विचरच्या इनपुटवर एचडीसीपी बंद करता येतं तो घ्या आणि ते बंद ठेवा. मग लॅपटॉपला समोर कुलूप उघडणारं कुणी दिसत नाही आणि तो स्लाइड्स खुल्या पाठवतो. असा स्विचर भाड्याने आणत असाल तर हा प्रश्न आधीच विचारा आणि ॲपलच्या लॅपटॉपवर प्रत्यक्ष चाचणी घेऊन बघा.

तिसरा प्रश्न अंतराचा. साधी एचडीएमआय केबल १०८० साठी १० मीटरपर्यंत सहसा नीट चालते. त्यापुढे चित्र लुकलुकायला लागतं किंवा अधूनमधून जातं. मंच आणि नियंत्रण टेबल यांत अंतर जास्त असेल तर एसडीआय ही टीव्ही स्टुडिओत चालणारी पद्धत वापरा. तिची केबल शंभर मीटरच्या आसपासही साथ देते आणि तिचा बीएनसी जोड फिरवून पक्का बसतो, कुणाचा पाय अडकला तरी सहज निघत नाही. नेटवर्क केबलवरून चालणारी एचडीबेसटी हाही चांगला पर्याय आहे, तीही शंभर मीटरपर्यंत जाते. प्रकाशतंतूंची एचडीएमआय केबल घेतलीत तर तिला दिशा असते हे लक्षात ठेवा. उलटी ओढलीत तर चित्र येणारच नाही, म्हणून टेपखाली चिकटवण्याआधी जोडून पाहा.

मग साखळी अशी होते: लॅपटॉप, ॲडॅप्टर, छोटी लवचीक एचडीएमआय केबल, ईडीआयडी ठरवणारा स्विचर आणि त्यातून दोन वाटा. एक प्रोजेक्टरकडे, दुसरी रेकॉर्डरकडे. लॅपटॉपजवळची ती छोटी केबल दिवसभरात सगळ्यात जास्त ओढाताण सोसते. ती वेगळी ठेवा, टेबलाला टेपने अडकवून ताण कमी करा आणि तशीच दुसरी खिशात बाळगा.

वक्त्यासमोर, मंचाच्या कडेला, एक छोटा मॉनिटर ठेवता आला तर जरूर ठेवा. श्रोत्यांना काय दिसतंय हे समोरच दिसलं की वक्ता मागे वळून पडद्याशी बोलत नाही, आणि रेकॉर्डिंगमध्ये त्याची पाठ येत नाही.

ॲडॅप्टरची पेटी

प्रत्येक सभागृहासाठी वेगळी पेटी हवी. एकच पेटी चार सभागृहांत फिरवली की नेमकी चुकीच्या वेळी चुकीच्या ठिकाणी असते. पेटीत यूएसबी-सी ते एचडीएमआय दोन, वेगवेगळ्या बनावटीचे. एकाशी न पटणाऱ्या लॅपटॉपचं दुसऱ्याशी पटतं. मिनी डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय. व्हीजीए ते एचडीएमआय, तेही वीज घेऊन रूपांतर करणारं. व्हीजीएमधून आवाज येत नाही, तो वेगळ्या तारेने घ्यावा लागतो. छोट्या टॅबलेटसाठी मायक्रो आणि मिनी एचडीएमआय. यूएसबी ते इथरनेट. स्लाइड बदलायचा रिमोट आणि त्याचे सेल. यूएसबी-सी चार्जर, निदान ६५ वॅटचा, शक्यतो १०० वॅटचा.

चित्रासाठी वेगळा ड्रायव्हर लागणारे यूएसबी ॲडॅप्टर पेटीत ठेवू नका. कंपनीच्या बंदिस्त लॅपटॉपवर ते चालणार नाहीत आणि ते शोधण्यात दहा मिनिटं जातील. प्रत्येक वस्तूवर सभागृहाचं नाव लिहा, कारण ॲडॅप्टर वक्त्याच्या बॅगेत निघून जातो आणि त्यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. लांब दोरी बांधलेला ॲडॅप्टर मंचावरच राहतो.

आवाज

चित्र थोडं धूसर असलं तरी माणूस व्हिडिओ पाहतो. आवाज वाईट असेल तर दुसऱ्या मिनिटाला बंद करतो. पैसे कमी असतील तर कॅमेऱ्यावर कमी आणि माइकवर जास्त खर्च करा, असं मी प्रत्येक आयोजकाला सांगतो.

वक्त्यासाठी कानाला अडकवून गालाजवळ येणारा माइक सगळ्यात चांगला. मान वळवली तरी आवाज सारखा राहतो. कॉलरचा माइक असेल तर तो हनुवटीपासून साधारण वीतभर खाली, छातीच्या मध्यभागी लावा आणि गळ्यातलं परिषदेचं ओळखपत्र काढून ठेवायला सांगा. ते पाऊल टाकताना माइकवर आपटतं आणि रेकॉर्डिंगभर टकटक ऐकू येते. दुपट्टा, केस, जाकिटाची झिप यांच्यावरही तेवढंच लक्ष ठेवा. माइक कपड्याला हात लावून अडकवण्याआधी वक्त्याला विचारा, नाहीतर क्लिप हातात देऊन कुठे लावायची ते दाखवा.

बिनतारी माइक निवडताना त्याची लहर (फ्रीक्वेन्सी) विचारात घ्या. वायफाय ज्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात चालतं त्याच पट्ट्यातला स्वस्त माइक रिकाम्या सभागृहात ठणठणीत चालतो. दोनशे मोबाइल आत आले की तुटायला लागतो. यूएचएफ पट्ट्यातले माइक बरे, पण कोणत्या लहरी विनापरवाना वापरता येतात हे देशागणिक बदलतं, ते आधी तपासा. एकाच इमारतीत अनेक सभागृहं असतील तर सगळ्या माइकच्या लहरी एका कागदावर मांडा आणि एकमेकांपासून दूर ठेवा. सेल अर्धे शिल्लक असले तरी जेवणाच्या सुट्टीत बदला.

लॅपटॉपचा आवाज हेडफोनच्या छिद्रातून मिक्सरला घेतला आणि चार्जर लावला की घूं घूं ऐकू यायला लागते. चार्जर काढून पाहा, आवाज थांबला तर दोष अर्थिंगच्या जोडणीच्या फेऱ्यात (ग्राउंड लूप) आहे. मध्ये डीआय बॉक्स (आवाज मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी) किंवा विलगीकरण करणारा ट्रान्सफॉर्मर लावला की तो जातो. त्याहून सरळ वाट म्हणजे एचडीएमआयमधून येणारा आवाज स्विचरमधून वेगळा काढून मिक्सरला देणं. लॅपटॉपवर आवाज बाहेर कुठून काढायचा ते साधन (आउटपुट) बदललं आहे का, हे त्या वेळी तपासावं लागतं.

पातळी ठेवताना बोलणं साधारण उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या दरम्यान आणि हशा-टाळ्यांचे उसळलेले क्षण उणे ६ च्या खाली राहू द्या. शून्याला धडकलेला आवाज फाटतो आणि नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने तो पूर्ववत होत नाही. हळू आवाज वाढवता येतो. शक्य असेल तर तोच आवाज दुसऱ्या ट्रॅकवर १० डेसिबल कमी ठेवून टिपा. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते, ४८ किलोहर्ट्‌झ ठेवा, व्हिडिओची ती रीत आहे. ४४.१ चा एखादा रेकॉर्डर साखळीत घुसला तर जुळवणीत नसते घोळ होतात.

मिक्सरवरून आवाज स्वतंत्र रेकॉर्डरवरही टिपाच. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, स्टिरिओ असा तासाला जेमतेम एक गिगाबाइट होतो. एवढ्याशा जागेत दिवसभराचा विमा उतरतो.

श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी हातात धरायचा माइक आणि तो घेऊन पळणारा एक माणूस हवाच. माइक पोहोचेपर्यंत प्रश्न सुरू करू देऊ नका. तरीही एखादा प्रश्न बिनमाइकचा सुटलाच तर वक्त्याने तो पुन्हा म्हणावा, असं सत्राच्या संचालकाला आधीच सांगून ठेवा.

कॅमेरा

स्लाइड्स थेट लॅपटॉपमधून टिपत असल्यामुळे कॅमेऱ्याचं काम एकच, वक्ता. प्रोजेक्टरचा पडदा चौकटीत पांढराफटक आला तरी चालेल, चेहरा नीट यायला हवा. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस हाताने ठरवून पक्के करा. आपोआप ठेवलेत तर पांढरी स्लाइड आली की चेहरा काळवंडतो आणि काळी आली की उजळतो. ज्या देशात वीज ५० हर्ट्‌झची आहे तिथे शटर १/५० किंवा १/१०० आणि ६० हर्ट्‌झ असेल तिथे १/६० किंवा १/१२०, म्हणजे दिव्यांची लुकलुक येत नाही. मंचावरचे दिवे वक्त्यावर राहतील आणि पडद्यावर सांडणार नाहीत असे वळवा.

फोटोचा कॅमेरा वापरत असाल तर सलग किती वेळ चालतो ते आधी पाहा. जुने अनेक कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांवर स्वतःहून थांबतात. तीस मिनिटं किंवा जास्त टिपणारा कॅमेरा युरोपीय संघात व्हिडिओ कॅमेरा ठरून त्यावर जास्त आयात शुल्क लागत असे, त्याचा हा परिणाम. काही कॅमेरे तापून बंद पडतात. बॅटरीऐवजी विजेवर चालवणारा जोड घ्या आणि पूर्ण सत्राएवढा वेळ चालवून पाहा.

टिपायचं कशावर

कॅमेरा, लॅपटॉपचं चित्र आणि आवाज, या तिन्हींचं शक्यतो वेगवेगळं रेकॉर्डिंग ठेवा आणि शिवाय एक जुळवलेली प्रत. थेट जुळवलेल्या प्रतीत कुणी स्लाइड दाखवायच्या वेळी चेहरा दाखवला असेल तर मूळ धाग्यांवरून तो भाग पुन्हा बांधता येतो. मूळ धागे नसतील तर त्या प्रतीवरच समाधान मानावं लागतं.

संगणकावर ओबीएस स्टुडिओ हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर एमकेव्ही स्वरूपात टिपा. साधी एमपीफोर फाइल वीज जाऊन अर्ध्यावर तुटली की बहुधा उघडतच नाही. एमकेव्ही तुटली तरी तोवरचा भाग हाती राहतो, आणि नंतर ओबीएसमधूनच ती मिनिटभरात एमपीफोर करता येते. संगणकाला आणि स्विचरला यूपीएस द्या. प्रोजेक्टर यूपीएसवर घालू नका, तो सगळी ताकद खाऊन टाकतो.

जागेचा हिशोब सोपा आहे. सेकंदाला २० मेगाबिटने टिपलेला तास ९ गिगाबाइट होतो, ५० मेगाबिटने २२.५. एका सभागृहात सात तासांचा कॅमेरा ५० ने आणि स्लाइड्स २० ने टिपल्या तर जवळपास २२० गिगाबाइट. त्याच्या दुप्पट मोकळी जागा घेऊन सकाळी सुरुवात करा. कार्डं व्ही३० (कार्डावर छापलेला वेगाचा दर्जा) किंवा वरच्या वेगाची असावीत आणि कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलेली असावीत.

चित्र कॅप्चर होऊन येईपर्यंत थोडा उशीर होतो, आवाज मात्र आधी पोहोचतो. कॅमेऱ्यासमोर जोरात टाळी वाजवा, फाइल सावकाश चालवून पाहा आणि हात मिटण्याचा क्षण आवाजाशी जुळेपर्यंत आवाजाला उशीर द्या. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. दोन-तीन फ्रेमचा फरक ओठांवर दिसतो.

स्वयंसेवकांच्या बळावर मोठं काम कसं उभं राहतं ते पाहायचं असेल तर मुक्त सॉफ्टवेअरच्या आणि हॅकरांच्या परिषदांकडे पाहा. जर्मनीतल्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकर परिषदेच्या व्हिडिओ संघाने व्हॉक्टोमिक्स हा व्हिडिओ मिक्सर स्वतः लिहिला आणि खुला केला. डेबियन लिनक्सची डेबकॉन्फ आणि ब्रसेल्समधली फॉसडेम या परिषदांनीही तो वापरला. त्यांची कागदपत्रं खुली आहेत आणि नव्या संघाने ती वाचण्यात एक संध्याकाळ जरूर घालवावी.

आदल्या दिवशी

सगळी साखळी आदल्या दिवशी उभी राहायला हवी. मग तीन निरनिराळे लॅपटॉप, एक विंडोजचा, एक ॲपलचा, एक लिनक्सचा, आळीपाळीने जोडा. प्रत्येकावरून स्लाइड, व्हिडिओ आणि आवाज चालवा, दहा मिनिटं टिपा आणि टिपलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून हेडफोन लावून ऐका. लाल दिवा लागला म्हणजे रेकॉर्ड झालं असं धरून चालू नका. फाइल उघडून पाहिली तरच झालं.

केबली कापडी गॅफर टेपनेच चिकटवा, ती निघताना चिकटा मागे ठेवत नाही. जाण्या-येण्याच्या वाटेवर केबल आडवी येत असेल तर टेपची एक पट्टी लांबीने पूर्ण झाकेल अशी लावा.

वक्त्यांसाठी एक तयारीची खोली ठेवा आणि तिथे सभागृहात आहे तशीच साखळी मांडा, निदान तोच स्विचर आणि तोच ईडीआयडी. परिषदेच्या आदल्या संध्याकाळी किंवा आपल्या सत्राआधीच्या सुट्टीत प्रत्येक वक्त्याने तिथे लॅपटॉप जोडून पाहायचा. चालला तर लॅपटॉपला कोणता ॲडॅप्टर लागला ते छोट्या चिठ्ठीवर लिहून त्याच्या झाकणावर चिकटवा. मंचावर त्या चिठ्ठीची किंमत कळते.

दोन सत्रांमधली दहा मिनिटं

एका सभागृहाला किमान तीन माणसं लागतात: मंचावर लॅपटॉप आणि माइक पाहणारा, आवाज सांभाळणारा आणि रेकॉर्डिंगवर बसणारा. तिघांकडे बोलायला वॉकी-टॉकी किंवा निदान एक गप्पांचा गट हवा. मंचावरच्या माणसाचा क्रम असा ठेवा:

१. आधीच्या वक्त्याचा माइक त्याच्या अंगावरून काढा आणि बंद करा. माइक लावून प्रसाधनगृहात गेलेल्या वक्त्याची लाज तुमच्या हातात असते.
२. नव्या वक्त्याचा चार्जर आधी लावा, मग नेटवर्कची केबल, शेवटी चित्राची. चार्जर लावला की बॅटरी वाचवण्यासाठी पडदा मंद होणंही टळतं.
३. पडदा झोपणं, सूचना, संदेश, रात्री पडदा पिवळसर करणारी सोय, हे सगळं वक्त्याकडूनच बंद करून घ्या. त्याच्या लॅपटॉपला न विचारता हात लावू नका.
४. टिपा पाहणार असेल तर विस्तारित पडदा, प्रात्यक्षिक करणार असेल तर सारखा पडदा. विंडोजवर ‘विंडोज’ आणि ‘पी’ ही कळ, ॲपलवर ‘कमांड’ आणि ‘एफ१’.
५. पहिली स्लाइड, आवाज असेल तर त्याचे पाच सेकंद, आणि रिमोटने दोन स्लाइड पुढे-मागे.
६. माइकवर वक्त्याला नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा. ‘हॅलो, हॅलो’वरून पातळी कळत नाही. आज काय सांगणार आहात ते दोन वाक्यांत सांगा म्हटलं की खरा आवाज निघतो.
७. रेकॉर्डिंगवरच्या माणसाने ‘चित्र आलं, आवाज आला, टिपतोय’ असं कळवल्याशिवाय सत्र सुरू होऊ देऊ नका. संचालकाशी हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर वेळेच्या दडपणाखाली तो सुरू करून टाकतो.

रेकॉर्डिंग सत्राआधी दोन मिनिटं सुरू करा आणि टाळ्या थांबल्यावर दोन मिनिटांनी थांबवा. कापणं सोपं असतं.

चित्र आलं नाही तर

घाईघाईने सगळ्या केबली काढून लावणं हा सगळ्यात वाईट मार्ग. क्रमाने जा. आधी लॅपटॉपला दुसरा पडदा दिसतोय का ते पाहा. दिसत नसेल तर दोष ॲडॅप्टरमध्ये किंवा पोर्टमध्ये, म्हणून ॲडॅप्टर बदला, मग पोर्ट बदला. दिसत असेल आणि प्रोजेक्टर काळा असेल तर रेझोल्यूशन १९२०×१०८० आणि फ्रेम रेट हाताने निवडा. लिनक्सवर हे डिस्प्लेच्या सेटिंग्जमधून किंवा, एक्स११ असेल तर, एक्सरँडर या आज्ञेने पटकन होतं. तरीही नाही, तर केबल काढून दहा सेकंद थांबून पुन्हा लावा, म्हणजे दोन्ही यंत्रं एकमेकांशी नव्याने बोलतात. प्रोजेक्टरवर आहे पण रेकॉर्डिंगमध्ये नाही, तर संशय एचडीसीपीवर.

एवढ्याला चार मिनिटं लागतात. पाचव्या मिनिटाला आयोजकांचा लॅपटॉप आणि पीडीएफ. हा निर्णय मंचावरच्या माणसाने घ्यायचा आणि वक्त्याला शांतपणे सांगायचा, ‘तुम्ही सुरू करा, आम्ही तुमचा लॅपटॉप तोवर बाजूला पाहतो.’ घाबरलेल्या वक्त्याला त्या क्षणी धीर देणारा माणूस लागतो, तांत्रिक कारणं नंतर सांगता येतात.

प्रात्यक्षिकाला वायफाय पुरेसं नसतं. २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे मार्ग तीनच आहेत आणि भरलेलं सभागृह ते केव्हाच संपवतं. मंचावर तारेचं इंटरनेट द्या आणि प्रात्यक्षिकाची आधी टिपलेली प्रत बाळगायला वक्त्याला सुचवा.

सत्र चालू असताना

रेकॉर्डिंगवरच्या माणसाने हेडफोन काढायचे नाहीत, आणि हेडफोन मिक्सरला न लावता रेकॉर्डरलाच लावायचे. मिक्सरवर सुंदर ऐकू येणारा आवाज पुढच्या तारेत तुटलेला असू शकतो. दर दहा मिनिटांनी तीन गोष्टी पाहा: वेळमोजणी पुढे सरकतेय का, आवाजाची पट्टी हलतेय का, डिस्कवर जागा किती.

शेजारी एक कागद ठेवा. सत्राचं नाव, वक्ता, सुरू-शेवटची वेळ, कार्डाचा क्रमांक, आणि मध्ये काही झालं तर त्याची वेळ. तांत्रिक सत्रात एक नोंद फार महत्त्वाची: वक्त्याचा पासवर्ड, एखादी गुप्त कळ किंवा ग्राहकाचं नाव पडद्यावर दिसलं तर ती वेळ लगेच लिहा आणि सत्रानंतर वक्त्याला हळूच सांगा. तो घरी पोहोचेपर्यंत कळ बदलू शकेल आणि तुम्ही प्रकाशनाआधी तेवढा भाग झाकाल. त्याच कारणासाठी थेट प्रक्षेपणाची जुनी प्रत लगेच सर्वांसाठी खुली ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

फाइली

भरलेल्या कार्डाची लिहिण्याची खिट्टी लगेच बंद करा आणि ते वेगळ्या डब्यात टाका. रिकाम्याच्या डब्यात भरलेलं कार्ड पडलं की दुपारी कुणीतरी ते फॉरमॅट करतो. जेवणाच्या सुट्टीत सकाळची आणि संध्याकाळी दुपारची कार्डं दोन स्वतंत्र डिस्कवर उतरवा. नुसती नक्कल करू नका, एसएचए-२५६ सारखी बेरीज (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, ठशासारखा आकडा) काढून मूळ आणि प्रत ताडून पाहा. रात्री दोन डिस्क दोन वेगळ्या माणसांच्या बॅगेत जाऊ द्या. नावात तारीख, सभागृह, सुरू होण्याची वेळ आणि स्रोत घाला, म्हणजे ‘कॅमेरा’, ‘स्लाइड’ की ‘आवाज’ ते उघडल्याशिवाय कळतं.

प्रकाशनाआधी प्रत्येक व्हिडिओ वक्त्याला दाखवा. फॉसडेम आणि डेबकॉन्फसाठी वापरली जाणारी एसरिव्ह्यू ही प्रणाली हेच करते: सुरुवात आणि शेवट कुठे आहे, आवाज जुळलाय का, हे तपासणाऱ्यालाच ठरवता येतं आणि संघाचा कितीतरी वेळ वाचतो. तुमच्याकडे अशी प्रणाली नसेल तर खाजगी दुवा आणि उत्तरासाठी आठवड्याची मुदत पुरते. कॅमेऱ्याची कार्डं मात्र सगळे व्हिडिओ प्रकाशित होऊन वक्त्यांची मुदत संपेपर्यंत पुसू नका. पुढच्या कार्यक्रमाला कार्डं हवी असतील तर नवी घ्या.